मोजणाऱ्याशी बोलायचं नाही

दिघ्याच्या आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती. डाळीला चार, बटाट्याला तीन, पावट्याला सहा. एका खोलीचं घर, मागे ओट्यापुरतं स्वयंपाकघर आणि दाराबाहेर गटारीवर टाकलेल्या लादीशेजारी नळ. सकाळी सातला पाणी यायचं आणि आठला जायचं. त्या एका तासात पिंप भरायचं, दूध तापवायचं, डाळ शिजवायची, अप्पांना इन्सुलिनची सुई द्यायची आणि मधल्यामध्ये बारावीचा अभ्यास उरकायचा. आई रबाळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तिची पहिली पाळी असायची, म्हणून ती सहालाच घराबाहेर पडायची. जाताना चपला घालता घालता दारातल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "माज्या वैशालीचं मला टेन्शन नाय. एका टायमाला चार कामं करती पोरगी." ते ऐकलं की माझी मान ताठ व्हायची. अजूनही कुणी मला असं म्हटलं की मी घाईनं विषय बदलते. हे लिहायचं कारण तेच. माझा मुलगा म्हणतो, चाळिशीत कुणी आठवणी लिहीत नाही, म्हातारी झाल्यावर लिही. पण म्हातारपणी हे मला आठवेलच याची मला खात्री नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून त्यांनी पंचवीस वर्षं पोती वाहिली. पाठ गेली तेव्हा टोळीनं त्यांना मोजणीला उभं केलं. ट्रकच्या फाळक्याशी उभं राहायचं आणि पाठीवर पोतं घेऊन माणूस समोरून गेला की मोठ्यानं आकडा म्हणायचा, एवढंच काम. पण अप्पांनी त्याचा थाट मोठा केला होता. गावाकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. अप्पा कांद्याच्या पोत्यांनाही तेच लावायचे. लाभ, दोन, तीन, चार. त्यांचा आवाज पार पलीकडच्या गाळ्यापर्यंत जायचा म्हणे. आणि बाजारातला नियमच असा, की मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. मालक आला तरी थांबायचं, चहा आला तरी बाजूला ठेवायचा. हा नियम कशासाठी, ते अप्पा हसत हसत सांगायचे. एकदा बासष्टाव्या पोत्याला कुणा नवख्यानं त्यांना वेळ विचारली. अप्पांनी घड्याळ बघून "साडेनऊ" म्हटलं आणि पुढच्या पोत्याला ठणठणीत आवाजात म्हणाले, "दहा!" सगळी टोळी पोती खाली टाकून हसत बसली, आणि मग अप्पांनी सगळा माल परत मोजायला लावला. "डोकं म्हंजी एक माणूस ऱ्हातंय एवढीच जागा आसती," ते म्हणायचे. "दुसरा आत आला का पयला भायेर."

मी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली होती आणि शंभर वेळा हसले होते. ती माझ्याही डोक्याला लागू आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ती गोष्ट बाजारातल्या न शिकलेल्या माणसांची होती. मी कॉलेजात जात होते.

मग साखरेनं अप्पांचे डोळे नेले. अगदी आंधळे नव्हते झाले. माणूस दिसायचा, दार दिसायचं, पण सिरींजवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. त्यामुळे बाजार सुटला आणि सकाळची सुई माझ्याकडे आली. वीस रेघा, पोटावर, खाण्याआधी अर्धा तास. डॉक्टरीणबाईंनी आईला आणि मला समोर बसवून शिकवलं होतं. कमी दिली तर त्रास होईल, पण जास्त गेली तर माणूस हातचा जाईल, असं त्यांनी बोट रोखून सांगितलं होतं. जास्त कशाला जाईल, असं मला तेव्हा वाटलं. वीसपर्यंत मोजता न येणारी मी थोडीच होते?

आम्ही एकच सिरींज तीन-चार दिवस वापरायचो. सुई दिली की ती परत टोपण लावून पत्र्याच्या डब्यात, बाटलीशेजारी. स्पिरिटचा बोळा डब्याच्या झाकणात ठेवायचा आणि नंतर टाकायचा. म्हणजे सुई दिली काय आणि न दिली काय, झाकणात डोकावल्याशिवाय डबा दिसायला तसाच. ही एवढी साधी गोष्ट आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

त्या सकाळी नळाला पाइप लावून मी पिंपात सोडला होता. एका शेगडीवर डाळ, दुसरीवर दूध. ओट्यावरच्या फरशीला मी वहीचं पान चिकटवलं होतं, त्यावर सहकारी संस्थेची दहा वैशिष्ट्यं. पहिलं ऐच्छिक सभासदत्व, दुसरं खुलं सभासदत्व, तिसरं लोकशाही कारभार. हे म्हणत म्हणत मी सिरींज भरायला घेतली. अप्पा कॉटवर बसून फोनवर बोलत होते. छोटा बटणांचा फोन, त्याचा आवाज इतका मोठा की पलीकडचं बोलणंही अर्धं ऐकू यायचं. गावाहून माझे चुलते होते. पावसाचं, म्हशीचं चाललं होतं, तोवर माझा कान तिकडे नव्हताच. मग अप्पा म्हणाले, "वैशालीचं आत्ताच कशाला?"

आपलं नाव कानावर पडलं की काय होतं ते मला आता नीट ठाऊक आहे. सहकारी संस्था गेली, शिट्टी गेली, पाणी गेलं. सगळी मी माझ्या कानात जाऊन बसले. चुलते सांगत होते, मुलगा फौजेत आहे, घरची बागायत आहे, लोकं चांगली आहेत. अप्पा "हां" म्हणत होते. ते हो म्हणताहेत की नुसतं ऐकताहेत, ते कळेना. मला शिकायचं होतं. ऑफिसात टेबल-खुर्चीवर बसायचं होतं. माझे हात त्यांचं त्यांचं काहीतरी करत होते. काय करत होते ते मला माहीत नाही. आजही आठवत नाही, कितीही ताणलं तरी. तेवढाच तुकडा कोरा आहे.

दूध उतू जाण्याचा चर्र आवाज आला तशी मी धावले. गॅस बारीक केला, फडक्यानं पुसलं, बोट भाजून घेतलं. परत वळले तर डबा उघडा, सिरींज डब्यात. मला वाटलं, अरे, सुई राहिलीच. मी बाटली उलटी केली, उजेडाकडे धरून वीस रेघा भरल्या, हवेचा बुडबुडा टिचकीनं काढला. अप्पांजवळ गेले. ते अजून फोनवरच होते. मला जवळ आलेली बघून त्यांनी एक क्षण माझ्याकडे मान वळवली, काही बोलणार असं वाटलं, पण बोलले नाहीत. बंडी वर केली. मी सुई दिली.

बोळा झाकणात ठेवायला गेले, तर झाकणात आधीच एक बोळा होता.

मी तो उचलला. ओला होता. नाकाशी नेला, स्पिरिटचा वास ताजा होता. कालचा बोळा आई रात्री भांडी घासताना टाकते, तसा तो टाकलेला होता, हे मला माहीत होतं. तरी मी केराचा डबा उपसून बघितला, की निदान तिथं कालचा नसावा आणि हाच कालचा निघावा. कालचा तिथं होता, सुकलेला. मी ओट्याला धरून उभी राहिले. चाळीस रेघा. डॉक्टरीणबाईंचं रोखलेलं बोट मला दिसत होतं.

आता जे लिहिते ते लिहायची मला लाज वाटते. मी कुणाला सांगितलं नाही. आईच्या कंपनीच्या गेटचा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला होता, अप्पांचा फोन आता कॉटवर मोकळा पडला होता. मी फोन उचलला आणि ठेवला. आईला काय सांगणार होते, चार कामं करणारी पोरगी एक सुई मोजू शकली नाही? मी स्वतःला म्हटलं, साखर दिली की भागेल. चार चमचे साखर घालून चहा केला आणि अप्पांच्या हातात दिला.

त्यांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा खुलला. "आगं, गोड हाय की! आईला सांगू नगंस, न्हायतर दोघांचं बी काय खरं न्हाय."

मी हसले. वर आणखी अर्धी वाटी भात साखर घालून खायला घातला. मग समोर पाटावर बसून त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी एकच काम करत होते. त्यांचं कपाळ, ओठ, बोटं, बंडीची वरखाली होणारी घडी. डाळीच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला ऐकूच आलं नाही. करपल्याचा वास आला तोही मला आला नाही. आला तो थेट काशीमावशीला.

काशीमावशी शेजारची, तिथल्या मूळ गावातली. उमेदीत मिठागरावर काम केलेली, धिप्पाड बाई. ती साडीचा ओचा वर खोचून दारात उभी राहिली. "काय गो, पानी सारा माझ्या उंबऱ्यात आलाय! आनी डाल जलतेय. ध्यान कुठं हाय तुझा?" तिनंच नळ बंद केला, आत येऊन गॅसही बंद केला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "काय झाला गो? बरा नाय का?"

तिच्या नवऱ्यालाही साखर होती. तिनं सात वर्षं त्याचं सगळं केलं होतं. विचारायला याहून योग्य बाई सगळ्या दिघ्यात मिळाली नसती. मी म्हटलं, "काही नाही मावशी, अभ्यासाचं टेन्शन." ती गेली. तिच्या चपलांचा आवाज लांब जाताना ऐकला आणि मला रडू फुटलं, पण आवाज न करता रडले, कारण अप्पांना डोळ्यांनी कमी दिसलं तरी कानानं सगळं कळायचं.

ते आडवे होऊ लागले तशी मी घाबरले. झोप आणि दुसरं काही, यातला फरक मला बाहेरून कसा कळणार? म्हणून सुचलं ते विचारलं. "अप्पा, ट्रक कसा मोजायचात ते म्हणून दाखवा ना."

"आत्ता? कशापायी?"

"असंच. ऐकावंसं वाटतंय."

त्यांना बरं वाटलं. उठून बसले, पाठ भिंतीला टेकवली आणि सुरू केलं. लाभ, दोन, तीन. खोलीत तो आवाज मावत नव्हता. पहिल्या खेपेला शंभरापर्यंत गेले, कुठं अडखळले नाहीत. माझ्या छातीवरचं ओझं जरा हललं. मी आणखी चहा दिला. म्हटलं, अजून एक ट्रक. ते हसले आणि परत लाभपासून निघाले. मी प्रत्येक आकड्याबरोबर मनात पुढचा आकडा तयार ठेवत होते, त्यांनी तो म्हटला की श्वास घेत होते. तिसाच्या पुढे आवाज उतरला. कपाळावर घाम दिसायला लागला, पंखा चालू असताना. एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

त्रेचाळीस.

त्रेचाळीस.

मी म्हटलं, "अप्पा, चव्वेचाळीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नसल्यासारखं. "ही पोती कुनाची हायती?" त्यांनी विचारलं. हात हवेत काहीतरी चाचपत होता. "कुनी इचारलं न्हाय आन् आनून टाकल्यात."

मी दारात जाऊन किंचाळले. "मावशी! मी सुई दोनदा दिली! मावशी!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असणार. गेलं तर गेलं. मावशी ओल्या हातांनी धावत आली, तिनं काही विचारलं नाही. डब्यातला गूळ फोडून त्यांच्या गालात सारला, "गिला दादा, चावू नको, गिल," असं म्हणत त्यांची हनुवटी धरून राहिली. मग मला म्हणाली, "तू बस यांच्याजवल. बोलत राव. मी रिक्षा आनतंय." जाता जाता वळून एवढंच म्हणाली, "मगाशी सांगली असतीस तर, पोरी."

ऐरोलीच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला आठवतो तो फक्त अप्पांच्या मानेच्या वजनानं. ती माझ्या खांद्यावर होती आणि प्रत्येक खड्ड्याला जास्त जड होत होती. मी त्यांच्या कानात मोजत होते. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस. मधे थांबले तर ते जातील असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. दोनशे अकराला रिक्षा थांबली.

दवाखान्यात अप्पांना सलाईनमधून साखर दिली. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, मला तो दिवसभराचा वाटला. मग अप्पांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि "च्या झाला का?" असं विचारलं. मी तिथंच लादीवर बसले आणि मोठ्यानं रडले. आई आली ती कंपनीचा एप्रन आणि डोक्यावरची जाळीची टोपी तशीच घालून. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझा भाजलेल्या बोटाचा हात हातात घेतला, त्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "चार कामं मीच दिली व्हती गं तुला." त्यानंतर तिनं माझं कौतुक त्या शब्दांत कधीच केलं नाही. पुढच्या महिन्यात तिनं दुसरी पाळी मागून घेतली.

संध्याकाळी अप्पांना बसता यायला लागलं तेव्हा मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. नाव ऐकलं, कान तिकडे गेला, बोळा, फोन उचलून ठेवला, मावशीशी खोटं बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मला ठावं व्हतं."

"काय?"

"दुसऱ्यांदा आलीस तवाच. म्हनलं, मघाशी तर टोचली हिनं. बोलनार व्हतो. पर तू उजेडाला धरून रेघा मोजत व्हतीस." त्यांनी नळी लावलेला हात उशीवर सारखा केला. "मोजनाऱ्याला मधी कसं बोलायचं?"

पंचवीस वर्षं जो नियम त्यांनी पाळला, तो पाळूनच त्यांनी पोटावर दुसरी सुई घेतली होती. आणि तेही माझ्यावर विश्वास ठेवून. मला राग आला त्यांचा, खूप आला. तुम्ही मेला असतात, असं मी ओरडले. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं वळून पाहिलं.

"चूक माजी बी हाय," अप्पा म्हणाले. "नेम मी तुला आर्धाच सांगितला. मोजनाऱ्याशी बोलायचं न्हाय, खरं. पर मोजनाऱ्यानं मोठ्यानं मोजायचं आसतंय. मनातलं मोजलेलं बाजारात धरत न्हाईत. समद्यांनी ऐकलं पायजे, तवा ती मोजनी."

दवाखान्यातून आल्यापासून आमच्या घरात सुईच्या वेळी दोन्ही शेगड्या बंद असायच्या, नळ बंद असायचा, फोन कॉटखाली. मी सुई द्यायचे आणि आम्ही दोघं एकदम मोठ्यानं म्हणायचो, "लाभ!" काशीमावशी तिच्या घरातून ओरडायची, "झाली गो, ऐकली!" फौजेतल्या मुलाचं चुलत्यांना काय उत्तर गेलं ते अप्पांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि जूनमध्ये माझा पदवीच्या कॉलेजचा फॉर्म त्यांनीच सही करून दिला, सहीच्या रेघेच्या बरीच खाली. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले आणि सुईनं गेले नाहीत.

आता मी सानपाड्याला राहते, सोसायटीत, नळाला दिवसभर पाणी. दोन वर्षांपूर्वी माझी साखर गोळ्यांना ऐकेनाशी झाली आणि इन्सुलिन सुरू झालं. आता पेन असतं, रेघा मोजाव्या लागत नाहीत, आकडा खिडकीत दिसतो. पण दिलं की नाही ते पेन सांगत नाही. मी सकाळी ओट्याशी उभी राहून टोचते आणि मोठ्यानं लाभ म्हणते. मुलाला त्याची मजा वाटते. त्याला ही गोष्ट मी कधी सांगितली नव्हती, म्हणजे सांगायचं धैर्य झालं नव्हतं. तो कानात ते इयरफोनचे बोळे घालून जेवतो, अभ्यास करतो, मला उत्तरं देतो, आणि एका वेळी सगळं करता येतं असं त्याचं मत आहे. मी त्यावर भांडत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी ऑफिसातून फोन आला. कुठली तरी फाइल सापडत नव्हती. बोलता बोलता कुकर झाला, दारावर बेल वाजली, इस्त्रीवाला कपडे देऊन गेला. फोन ठेवला तेव्हा पेन माझ्या हातात होतं. टोपण काढलेलं. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि मला काहीच आठवेना. तोच कोरा तुकडा. पंचवीस वर्षांनी परत तो ओला बोळा नाकाशी आला. आत अप्पा नव्हते, मावशी नव्हती. मी ओटा धरला.

आतल्या खोलीतून, एकाच कानात बोळा घालून मोबाइल बघत बसलेला मुलगा ओरडला, "आई, लाभ झालं तुझं मघाशी. मी ऐकलं."

मी पेनाला टोपण लावलं, गॅस बंद केला आणि त्याच्या खोलीत जाऊन त्याच्या शेजारी बसले. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, कानातलं काढ, तुला तुझ्या आजोबांचं सांगायचंय.